कोकणची वाट कसब्यातून

पुण्याहून आठवडाभराची कोकण सहल आखायला बसलेली मंडळी नकाशा उघडतात, तेव्हा बोट बहुधा वरून खाली सरकतं. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण, आणि सुट्टी उरली तर गोवा. समुद्र कायम उजव्या हाताला, रोज नवा किनारा, रात्री माशाचं ताट. इतिहास वाटेत लागेल तेवढा. पुण्याचा इतिहास या बेतात नसतोच. तो परगावचे पाहुणे आले की दाखवायचा असतो, तोही शनिवारवाड्यापासून लाल महालापर्यंत, दीड तासात. देशावरचा इतिहास एका खात्यात आणि समुद्र दुसऱ्या खात्यात, अशी ही वाटणी आपण इतकी गृहीत धरली आहे की तिच्यात काही वावगं आहे असं मनातही येत नाही. माझं म्हणणं असं की ही वाटणी अलीकडची आहे आणि तिच्यामुळे दोन्ही खाती अपुरी राहतात. किनाऱ्याला समांतर जमिनीवरून उभा प्रवास करणं ही फार तर शे-दीडशे वर्षांतली सवय. त्याआधी उभा प्रवास गलबतांचा होता. जमिनीवरची वाट आडवी जायची. बंदरातून खाडीने आत, खाडीच्या टोकाशी बाजारपेठ, तिथून घाट, आणि घाटमाथ्यापलीकडे देशावरचं गाव. इतिहास पाहायला म्हणून आठवडा काढायचा असेल, तर बेतही आडवाच हवा, आणि पुणेकरांसाठी त्याची सुरुवात कसबा पेठेत आहे.

असं का, याचं उत्तर आधी भूगोलात शोधावं लागतं. कोकणची पट्टी खाड्यांनी चिरलेली आहे: कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. पूल नव्हते तेव्हा एका खाडीकडून दुसरीकडे पायी किंवा बैलावर माल नेणं म्हणजे दर काही कोसांवर तरीची वाट पाहणं. उलट खाडीतून आत जायला भरतीचं पाणीच मदत करायचं. त्यामुळे प्रत्येक बंदराला आपापला घाट आणि घाटावरचं आपापलं गाव मिळालं. सोपाऱ्याला नाणेघाट आणि जुन्नर. चौलला बोरघाट आणि मावळ. बाणकोट-महाडला वरंध घाट आणि भोर. दाभोळ-चिपळूणला कुंभार्ली आणि कऱ्हाड. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे ग्रीक खलाशी-पुस्तक कल्याण आणि चौल ही बंदरं सांगतं, पण त्यांच्यामागच्या वाटेचा खरा पुरावा डोंगरात कोरलेला आहे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी बोरघाटाच्या तोंडाशी आहेत. भिक्षूंना एकांत हवा म्हणून ती आडरानात खोदली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. कार्ल्याच्या शिलालेखांत सोपाऱ्याचा दाता आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत. त्याहून बोलके लेख राजपुरी खाडीकाठच्या कुडे लेण्यांत आहेत. तिथे माळी आहे, वैद्य आहे, तांड्याचा पुढारी आहे, आणि कऱ्हाडहून आलेला लोखंडाचा व्यापारीही आहे. कऱ्हाडचा माणूस समुद्राजवळ लेणं दान करतो, कारण त्याचा धंदा तिथवर पोचलेला होता. देश आणि कोकण वेगळे हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं.

मध्ययुगातला साक्षीदार तर परदेशी आहे. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलला उतरला. बरोबर विकायला एक घोडा होता. चौलहून तो पालीवरून घाट चढून जुन्नरला गेला, पावसाळा तिथे काढला, मग बीदरला. परतताना त्याने जहाज धरलं ते दाभोळला. एका वाटेने वर, दुसऱ्या वाटेने खाली, आणि मध्ये देश. त्याच्या टिपणांत चौल ते दाभोळ असा किनाऱ्याचा प्रवास नाहीच, कारण त्या काळच्या कुठल्याही शहाण्या व्यापाऱ्याने तसा केला नसता. रेवदंड्याला आज त्याचं स्मारक आहे; समुद्राकडे धावणाऱ्या गाड्या त्याच्याजवळून सहसा न थांबता जातात.

इथे पहिला आक्षेप रास्तपणे उभा राहतो. निकितीन जुन्नरला गेला, पुण्याला नाही. बहमनी आणि निजामशाही काळात घाटमाथ्यावरचं मोठं ठाणं जुन्नरच होतं. मग कसब्याला एवढं महत्त्व का द्यायचं? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पेशव्यांपूर्वीचं पुणं लहान होतं, आणि ते पुणं म्हणजे जवळपास कसबाच. पण लहान म्हणजे आडबाजूचं नव्हे. राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत पुण्याच्या नावाचा विषय, म्हणजे प्रशासकीय विभाग, येतो. नदीकाठच्या या वस्तीला एक हजार दोनशे वर्षांहून अधिक काळ सरकारदरबारी नाव आहे. मुसलमानी अमलात इथे कोट उभा राहिला. पांढरीचा कोट किंवा किल्ले हिसार म्हणून तो ओळखला जाई आणि त्याच्या दरवाजांपैकी एकाचं नाव होतं कोकण दरवाजा. गावकोसाच्या दरवाजाला नाव पडतं ते त्यातून बाहेर पडणारी वाट जिथे जाते त्या मुलखाचं, जसं पुढे शनिवारवाड्याचा उत्तरेकडचा दरवाजा दिल्ली दरवाजा झाला. दिल्ली दरवाजाच्या नावात महत्त्वाकांक्षा होती. कोकण दरवाजाच्या नावात रोजचा व्यवहार होता: मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची, धान्य आणि गूळ खाली जायचा. तो कोट आज उरलेला नाही. मुरार जगदेवाने १६३० च्या सुमारास पुणं उद्ध्वस्त केलं आणि गाढवाचा नांगर फिरवला. त्यानंतर जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे इथे आले, वस्ती पुन्हा बसली, कसबा गणपतीची पूजा नव्याने मार्गी लागली.

या गावात वाढलेल्या मुलाने पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत काय केलं हे पाहिलं, की कसब्याची दिशा कळते. १६५६ मध्ये जावळी आणि रायरी, म्हणजे महाडकडे उतरणाऱ्या घाटांच्या किल्ल्या. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी, म्हणजे खाडी आणि तिच्याबरोबर जहाजबांधणी. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणजवळ सिंधुदुर्गाचा पाया. स्वराज्य डोंगरात जन्मलं हे आपण शाळेत शिकतो. ते डोंगरावरून खाली समुद्राकडे सरकलं, आणि घाट हातात आल्यावरच वाढलं, हे त्या मानाने कमी सांगितलं जातं. शत्रूलाही हा हिशेब ठाऊक होता. शाएस्ताखान १६६० मध्ये पुण्यात येऊन लाल महालात राहिला आणि काही महिन्यांतच त्याने कारतलबखानाला कोकणात उतरण्यासाठी फौज दिली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत ती फौज कोंडली गेली. म्हणजे पुणं हाती येताच खानाचं पुढचं पाऊल समुद्राच्या दिशेने पडलं होतं. १६६३ च्या एप्रिलमधला लाल महालावरचा छापा आपल्याला खानाच्या तुटलेल्या बोटांसकट पाठ असतो. त्याच लाल महालातून निघालेली उंबरखिंडीची मोहीम मात्र खोपोली-पाली रस्त्याच्या बाजूच्या एका स्मारकात उरली आहे. सहलीच्या बेतात या दोन जागा एकामागोमाग यायला हव्यात, आणि त्यांच्यामध्ये एका घाटाचंच अंतर आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पेशव्यांनी समुद्राकडे पाठ फिरवली, १७५६ मध्ये इंग्रजांना हाताशी धरून विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्याचं आरमार बुडवलं. मग पेशव्यांच्या पुण्याला कोकणाशी कसं जोडायचं? राजकारणापुरतं हे खरंच आहे, आणि माझ्या मते पेशवाईचा तो सर्वांत महाग पडलेला निर्णय होता. बाणकोट त्याच वर्षी इंग्रजांच्या पदरात पडलं. पण राज्यकर्त्यांचं धोरण आणि माणसांची ये-जा एकाच दिशेने चालतात असं नाही. बाळाजी विश्वनाथ मूळचा श्रीवर्धनचा, तिथल्या देशमुखीचा. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या धाकाने घाटावर आला आणि १७१३ मध्ये पेशवा झाला. त्याच्यासोबत वेळासचे भानू आले, ज्यांच्या घरात पुढे नाना फडणवीस जन्मला. वेळास आणि श्रीवर्धन सावित्रीच्या मुखाच्या दोन बाजूंना आहेत. म्हणजे अठराव्या शतकात हिंदुस्थानच्या मोठ्या भागाचं राजकारण ज्या दोन घराण्यांच्या घरातून चाललं, ती घराणी एकाच खाडीच्या दोन काठांची. १७३० च्या जानेवारीत कसब्याच्या कडेला शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, तेव्हा पुण्यात कोकणातून येणाऱ्यांचा ओघ सुरू झालेला होता. त्यात पंतोजी, भिक्षुक, कारकून होते तसे कारागीरही होते, आणि या कारागिरांचा विसर पडतो याचं कारण त्यांनी बखरी लिहिल्या नाहीत.

कसब्यातली तांबट आळी ही त्यांची जिवंत नोंद. त्वष्टा कासार समाजाची परंपरा सांगते की ते पेशव्यांच्या काळात कोकणातून पुण्यात आले. हंडे, घागरी, बंब, तपेली घडवताना पत्र्यावर लाकडी आणि लोखंडी हातोड्यांनी एकेक ठोका देत उठवलेली ती मठारकामाची नक्षी हे त्यांचं खास काम. ठोक्यांनी पत्रा ताठ होतो आणि भांडं टिकतं, शोभा त्यातून आपोआप येते. आता ध्यानात घ्यायची गोष्ट ही, की पुण्याच्या परिसरात तांब्याची खाण नाही. तांबं बाहेरून, बंदरांतून यायचं. कच्चा माल समुद्राचा, कारागीर कोकणचा, गिऱ्हाईक देशावरचं: तांबट आळीत उभं राहिलं की बंदर, घाट आणि पेठ हा सगळा व्यवहार एका गल्लीत दिसतो. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने या धंद्याची सविस्तर दखल घेतली. स्टील आणि ॲल्युमिनियमने नंतर त्याचा कणा मोडला, तरी ठोक्यांचा आवाज पूर्ण थांबलेला नाही. शेजारी कुंभारवाडा, शिंपी आळी, कागदीपुरा. राजवाडे जळतात, १८२८ मध्ये शनिवारवाडा जळलाच, आळ्या टिकतात. लाल महालाची आजची वास्तू तर महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे. कसब्यात पाहण्यासारखं जुनं काय उरलंय असा प्रश्न नेहमी केला जातो, त्याला माझं उत्तर हे की इमारतींपेक्षा जुनी इथली धंद्यांची मांडणी आहे, आणि ती बघायला सबंध दिवस लागतो.

या वाटेवरून शेवटचा पेशवाही गेला, जरा वेगळ्या मनःस्थितीत. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकराने पेशव्याच्या फौजेचा धुव्वा उडवल्यावर दुसरा बाजीराव सिंहगडावरून महाडकडे उतरला, तिथून सुवर्णदुर्ग, आणि पुढे इंग्रजांच्या जहाजाने डिसेंबरात वसईला पोचला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला आणि मराठी सत्तेचं स्वातंत्र्य कागदावर संपलं. पणजोबा ज्या कोकणातून वर आला, त्याच कोकणात पणतू खाली पळाला. आणि बघा, पळतानाही तो आधी घाट उतरला, आणि किनाऱ्याने वर सरकायची वेळ आली तेव्हा जहाजात बसला. जुन्या प्रवासाचा नियम त्याच्या धांदलीतही मोडला नाही.

मोडला तो मुंबईने. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमने बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला. पुण्याहून पनवेलपर्यंत चाकांवर, पुढे बोटीने मुंबई. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली आणि बोटीचीही गरज संपली. चौल, महाड, दाभोळ, राजापूर या सगळ्यांचे वाटे एकट्या मुंबईकडे गेले. घाट बांधले गेले, वरंध आणि कुंभार्लीही एकोणिसाव्या शतकात गाडीजोगे झाले, पण तोवर त्यांच्या पायथ्याची बंदरं मुंबईच्या आगबोटींचे थांबे बनली होती. कोकणी माणूस घाट चढून देशावर जाण्याऐवजी बोटीने गिरगावात आणि गिरणगावात उतरू लागला. चाकरमानी हा त्या बोटीनेच घडवलेला माणूस. जुनी आडवी वाट मागे उरली ती गरिबांसाठी. १८७५ मध्ये दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर घाट चढून साताऱ्याला चालत गेले, आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नाही. पुढे मुंबई-गोवा महामार्ग झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. उभ्या सहलीचा आजचा बेत या मुंबईकेंद्री शतकाचं अपत्य आहे. मुंबईकराला तो शोभतो. पुणेकर तो उसना घेतो, आणि घाटातून एकदाच, झोपेत, पहाटे उतरतो.

मग आडवा आठवडा कसा असेल? बोरघाटाने उतरून वरंधने चढायचं, म्हणजे निकितीनच्या रीतीने दोन वेगळ्या वाटा. पहिला दिवस कसब्याचा. दुसऱ्या दिवशी बेडसे किंवा कार्ले यांपैकी एकच लेणं नीट पाहून घाट उतरावा, उंबरखिंडीत थांबावं, पालीवरून मुक्कामाला रेवदंडा-चौल. चौलला एक दिवस पुरा द्यावा: पोर्तुगीज कोटाच्या भिंती, मागची नारळी-पोफळीची आगरं, आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लई, जिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली अजून घरात बोलली जाते. बंदर मेलं तरी बोली राहिली, हे मला जंजिऱ्याच्या तोफांपेक्षा मोठं आश्चर्य वाटतं. चौथ्या दिवशी जंजिरा, आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट बोटीने, रात्री श्रीवर्धन. आदल्या दिवसाची दगदग झाली नसेल तर वाट वाकडी करून कुडे लेणी. पाचव्या दिवशी हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून सावित्री ओलांडून बाणकोटचा किल्ला आणि वेळास. सहाव्या दिवशी नदीच्या कडेकडेने आत महाडला, जिथे गंधारपाल्याची लेणी आहेत आणि चवदार तळंही आहे. २० मार्च १९२७ चा तो सत्याग्रहाचा दिवस टाळून महाड पाहणं म्हणजे इतिहास अर्धवट पाहणं. सातव्या दिवशी सकाळी रायगड, आणि दुपारनंतर वरंध चढून भोरवरून पुणं.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की यात समुद्र कमी आणि वळणं जास्त. मुलं कंटाळतील, आणि मालवण राहिलंच. मालवण राहिलं हे खरं. पण किनाऱ्याचे तीन दिवस यात आहेतच, शिवाय दोन खाड्या बोटीने ओलांडायच्या आहेत, आणि खाडी बोटीतूनच समजते. उभ्या बेतात दर दिवशी सामान बांधून पुढचं गाव गाठण्यात जो वेळ जातो, त्यापेक्षा इथे गाडी कमी चालते. महाड ते पुणं वरंधमार्गे सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. राहिला प्रश्न कसब्यातल्या पहिल्या दिवसाचा. पुणेकर म्हणतील, आम्ही इथलेच, आम्हाला कसबा काय दाखवायचा? त्यांतल्या बहुतेकांनी कसबा गणपतीचं दर्शन घेतलेलं असतं आणि तांबट आळीत पाऊल ठेवलेलं नसतं. सकाळी दहानंतर जा, काम चालू असतं तेव्हा. कारागिराला आधी विचारून मगच फोटो काढा, आणि जमल्यास एखादं भांडं विकत घ्या. बेत आखाल तो मात्र दिवाळीनंतरचा आखा. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध घाट अनेकदा बंद ठेवतात, आणि जंजिऱ्याच्या होड्याही त्या दिवसांत पाण्यात नसतात.